वर्गाच्या दारात पोलीस

१९५७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात एकाच शाळेच्या दाराशी तीन आठवड्यांत दोनदा बंदूकधारी जवान उभे राहिले. ४ सप्टेंबरला आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी धाडलेले नॅशनल गार्डचे जवान तिथे उभे होते. नऊ काळ्या विद्यार्थ्यांना सेंट्रल हायस्कूलमध्ये पाऊल टाकू द्यायचे नाही, हा त्यांना हुकूम होता. २५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेले १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक आले आणि त्याच नऊ जणांना मध्ये घेऊन, गोऱ्या जमावाच्या शिव्याशापांतून वाट काढत शाळेत पोहोचवून गेले. आयझेनहॉवर यांनी आर्कान्साचा गार्डही राज्याच्या हातून काढून केंद्राच्या अखत्यारीत घेतला होता. सैनिक परतल्यावर बंदोबस्त याच गार्डकडे आला. ज्या दलाने सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलांना अडवले, त्याच दलाला पुढे त्यांचे रक्षण करावे लागले. बदलला होता तो फक्त वरून आलेला हुकूम.

अमेरिकी शाळांत पोलीस कसा आला आणि तिथे त्याने काय केले, याची हकिकत सांगताना ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते, कारण पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत प्रश्न पुन्हा पुन्हा तिथेच येऊन थांबतो. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नेमके काय करायला सांगितले आहे, आणि ते कोणी सांगितले आहे?

लिटल रॉकनंतर एका वर्षाने, १९५८ मध्ये, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एक वेगळाच प्रयोग केला. फ्लिंट हे मोटारींचे गाव; जनरल मोटर्सचा जन्म इथलाच. त्या कंपनीशी आयुष्यभर निगडित असलेल्या चार्ल्स मॉट यांच्या प्रतिष्ठानाने शहरातल्या शाळांमध्ये बरीच कामे उभी केली होती. शाळा संध्याकाळी वस्तीसाठी उघडी ठेवायची, आईबापांना तिथे बोलवायचे, अशी ती कल्पना. त्याच ओघात शाळेत एक पोलीस नेमण्यात आला. समुपदेशक आणि परिचारिका यांच्यासारखाच तो शाळेचा एक माणूस असेल, मुलांना नावानिशी ओळखेल, बिघडू लागलेले पोर वेळीच हेरेल, अशी अपेक्षा होती. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण त्यात एक गाठ पहिल्या दिवसापासूनच होती. मूल ज्याला विश्वासाने काही सांगेल, तोच माणूस उद्या त्याच सांगण्याच्या आधारे त्याला अटक करू शकत होता. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये साठच्या दशकात असाच कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा नागरी स्वातंत्र्याच्या कार्यकर्त्यांनी नेमकी हीच हरकत घेतली. शाळेच्या आवारात, आईबाप नसताना, पोलिसाने मुलाला प्रश्न विचारायचे ते कोणत्या नात्याने? त्या हरकतीला समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि कार्यक्रम चालूच राहिला.

साठच्या दशकाच्या अखेरीस मुलेच रस्त्यावर उतरली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या हजारो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. आम्हाला आमचा इतिहास शिकवा, स्पॅनिश बोललो म्हणून शिक्षा करू नका, आमच्यासाठी फक्त कारखान्यातली आणि घरकामाची स्वप्ने पाहू नका, अशा त्यांच्या मागण्या. पोलिसांनी काही ठिकाणी लाठ्या चालवल्या. शिक्षक साल कॅस्ट्रो यांच्यासह तेरा जणांवर शाळांची शांतता भंग करण्याचा कट रचल्याचे गुन्हे लावले गेले. पुढे वरच्या न्यायालयात ते टिकले नाहीत. त्याच वर्षी केंद्राने पोलीस दलांना मोठा निधी देणारा कायदा केला. तरीही शाळेत कायमचा बसणारा पोलीस ही तेव्हा विरळा गोष्ट होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर शंभरातल्या एखाद्या शाळेत तो दिसे.

यानंतरचा एक निकाल मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे या गावात १९८० मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात सिगरेट ओढताना सापडली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली आणि त्यात गांजा व तो विकल्याच्या खुणा निघाल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विद्यार्थ्याची झडती घ्यायला शाळेला पोलिसांइतका भक्कम आधार लागत नाही, वाजवी संशय पुरे. आज पिस्कॅटवे आणि शेजारच्या एडिसनमध्ये कितीतरी मराठी घरे आहेत, त्यांची मुले तिथल्याच सरकारी शाळांत जातात. निकाल शिक्षकांपुरता होता. पण शाळेतच पोलीस बसू लागल्यावर, दप्तर उघडणारा हात शाळेचा की पोलिसांचा, हे सांगणे अवघड होऊन बसले. अनेक न्यायालयांनी शाळेतल्या पोलिसालाही शिक्षकाचीच सैल कसोटी लावली. रस्त्यावर त्याच मुलाला जे संरक्षण होते, ते शाळेच्या फाटकाशी पातळ झाले.

मग नव्वदचे दशक आले आणि सगळ्याला वेग आला. प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉन डिइयुलिओ यांनी १९९५ मध्ये भाकीत केले की निर्दय, बेफाम पोरांची एक लाटच आता देशावर येणार आहे. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. लाट आलीच नाही. उलट किशोरवयीनांचे हिंसक गुन्हे त्याच सुमारास उतरू लागले होते, आणि खुद्द डिइयुलिओ यांनीही २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढच्या एका निवेदनावर सही करून ते भाकीत चुकल्याचे मान्य केले. पण मधल्या काळात त्या भीतीवर कायदे उभे राहिले होते. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान एक वर्ष काढून टाकणे राज्यांना भाग पाडले. जिल्ह्याजिल्ह्यांनी तोच खाक्या चाकूला, मग मारामारीला, मग उद्धटपणालाही लावला. 'शून्य सहनशीलता' हे त्या धोरणाचे नाव.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले. त्या शाळेत पोलीस होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नील गार्डनर त्याचे नाव. एरवी तो उपाहारगृहात मुलांबरोबर जेवायचा. त्या दिवशी शेजारच्या बागेजवळ, मुले सिगरेट ओढायला जमत तिथे लक्ष ठेवत, गाडीतच डबा खात होता. सफाई कर्मचाऱ्याने रेडिओवरून हाक दिल्यावर तो धावून आला. दोघांपैकी एका हल्लेखोराने आणि त्याने एकमेकांवर लांबून गोळ्या झाडल्या, कोणाचीच कोणाला लागली नाही, आणि हल्लेखोर पुन्हा आत शिरला. बाहेर जमलेल्या पोलिसांनी तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे विशेष पथकाची वाट पाहिली. आत जखमी शिक्षक डेव्ह सँडर्स तासन्‌तास रक्त वाहत पडून होते. मदत पोहोचेपर्यंत ते गेले. यातून पोलिसांनी एक धडा घेतला, तो म्हणजे थांबायचे नाही, पहिला जो पोहोचेल त्याने आत शिरायचे. देशाने वेगळाच धडा घेतला. प्रत्येक शाळेत पोलीस हवा. पुढच्या काही वर्षांत केंद्राने ७५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतून साडेसहा हजारांवर पोलीस शाळांत नेमायला मदत केली.

पण एखाद्या शाळेत गोळीबार होणे ही फार दुर्मीळ घटना. तो पोलीस रोज सकाळी साडेसातला शाळेत येतो आणि दुपारी तीनला जातो. मधल्या वेळात त्याने काय करायचे? त्याच्या हातात बेड्या, कमरेला पिस्तूल, डोक्यात फौजदारी कायदा. त्याच्या समोर घडते ते म्हणजे दोन पोरांची झटापट, बाईंना उलट उत्तर, वर्गात फेकलेली वही. ज्याचे शिक्षणच गुन्हा ओळखण्याचे झाले आहे, त्याला त्यात गुन्हा दिसणारच. दोष त्या माणसाचा मानत नाही मी. त्याला कोणी दुसरे काम नेमून दिलेच नव्हते.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसले जॉर्जिया राज्यातल्या क्लेटन काउंटीत. अटलांटाच्या दक्षिणेचा, विमानतळाला लागून असलेला हा भाग, वस्ती मुख्यतः काळ्या कष्टकरी कुटुंबांची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या शाळांत पोलीस नेमले गेले. त्यापूर्वी शाळेतून बाल न्यायालयाकडे वर्षाला शंभरही प्रकरणे येत नसत. दहा वर्षांच्या आत ती हजारावर गेली. न्यायाधीश स्टीव्हन टेस्के १९९९ मध्ये त्या न्यायालयात आले. समोरच्या फायली ते वाचत गेले, तसे त्यांच्या लक्षात आले की बहुसंख्य प्रकरणे किरकोळ मारामारी, गोंधळ, सांगितलेले न ऐकणे अशीच आहेत. खऱ्या अर्थाने धोकादायक मुलांकडे पाहायला त्यांच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना वेळच उरत नव्हता. दुसरीकडे शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण घसरत होते. बेडी घालून वर्गातून नेलेला मुलगा परत आला तरी मनाने परत येत नाही, हे कोणत्याही मास्तरला सांगावे लागत नाही.

टेस्के यांनी जे केले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी भाषण ठोकले नाही, आदेशही काढला नाही. पोलीस, शाळा, सरकारी वकील, मानसिक आरोग्याची केंद्रे, पालक या सगळ्यांना त्यांनी एका टेबलाभोवती बसवले. बैठका महिनोन्‌महिने चालल्या. त्यात वाद झाले, माणसे चिडली. अखेर जुलै २००४ मध्ये एक लेखी करार झाला. ठरावीक किरकोळ गुन्ह्यांसाठी मुलाला थेट न्यायालयात आणायचे नाही. पहिल्या वेळी ताकीद, तिची प्रत पालकांना. दुसऱ्यांदा भांडण मिटवण्याच्या वर्गाला पाठवायचे. तिसऱ्यांदाच तक्रार. जबर मारहाण, शस्त्रे, अमली पदार्थांचा व्यापार यांना ही सवलत नाही.

काही वर्षांत शाळांतून येणारी प्रकरणे निम्म्याहून खाली आली. शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण चढू लागले. आणि ज्याची सुरुवातीला कोणी अपेक्षा केली नव्हती तेही घडले, शाळेत शस्त्रे सापडण्याच्या गंभीर घटनाही कमी झाल्या. याचे कारण टेस्के पुढे ठिकठिकाणी सांगत आले आहेत. पोलीस क्षुल्लक कारणाने बेड्या ठोकत नाही हे कळल्यावर मुले त्याच्याशी बोलू लागली. कोणाच्या दप्तरात काय आहे, संध्याकाळी कुठे भांडण ठरले आहे, हे त्याला आधीच कळू लागले. फ्लिंटने १९५८ मध्ये जे मनात धरले होते ते क्लेटनमध्ये प्रत्यक्षात आले, आणि त्यासाठी आधी पोलिसाचे हात कागदावर बांधावे लागले.

१२ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे शाळेतून तुरुंगाकडे जाणाऱ्या वाटेवर सुनावणी झाली. टेस्के साक्षीला होते. देश आता शहाणपणाने ऐकेल असे वाटण्याजोगा तो दिवस होता. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० चिमुकल्यांना आणि ६ मोठ्या माणसांना ठार मारले. २१ डिसेंबरला बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचे वेन लापिएर वार्ताहरांपुढे आले आणि प्रत्येक शाळेत सशस्त्र पोलीस नेमा म्हणाले. सहा-सहा, सात-सात वर्षांच्या मुलांच्या शवपेट्या डोळ्यांपुढे असताना क्लेटनचा कागद कोण वाचणार?

त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, साउथ कॅरोलिनातल्या एका हायस्कूलच्या गणिताच्या वर्गात काय झाले ते साऱ्या जगाने फोनच्या पडद्यावर पाहिले. एका काळ्या मुलीने वर्गात फोन काढला. शिक्षकांनी बाहेर जायला सांगितले, ती गेली नाही. शाळेतला पोलीस बोलावला गेला. तो एक-दोनदा तिच्याशी बोलला, मग मागून हात टाकून त्याने मुलगी बाकासकट उलटी पाडली आणि तिला फरशीवरून फरफटत पुढे फेकले. बाकीची मुले खाली मान घालून बसली होती. एका मुलीने मात्र मोठ्याने हरकत घेतली, तर तिलाही अटक झाली. शेरीफने दोन दिवसांत त्या पोलिसाला कामावरून काढले. ज्या कलमाखाली दोघी मुलींना पकडले ते होते 'शाळेत व्यत्यय आणणे'. १९१९ मधला हा कायदा मुळात मुलींच्या शाळा-कॉलेजांना बाहेरच्यांचा त्रास होऊ नये म्हणून केलेला. १९६८ मध्ये, आंदोलनांच्या काळात, तो सगळ्या शाळांना लागू झाला. मुलींना वाचवायला केलेल्या कलमाखाली जवळजवळ शंभर वर्षांनी मुलीच आरोपी झाल्या. २०१८ मध्ये राज्याने शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळले, आणि २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो त्यांना लावणे घटनाबाह्य ठरवले.

आणि ज्यासाठी एवढे केले, तो बंदूकधारी खरोखर आला तेव्हा? १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडमध्ये १७ जण मारले गेले. शाळेचा सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला. त्याच्यावर खटला चालला, २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्या शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते. निरनिराळ्या दलांचे ३७६ पोलीस तिथे जमा झाले, आणि हल्लेखोर आत शिरल्यापासून तो मारला जाईपर्यंत ७७ मिनिटे गेली. आतून मुले फोनवर मदत मागत होती. कोलंबाइनच्या धड्याला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

या दोन घटनांच्या मधला २०२० चा उन्हाळाही आठवावा लागतो. २५ मे रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला आणि साधारण आठवडाभराने तिथल्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला करार एकमताने मोडला. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने आपले शाळा-पोलीस दलच बरखास्त केले. तो ठराव काही एका लाटेत आलेला नव्हता. २०११ मध्ये शाळा-पोलिसांच्या गोळीने एक वीस वर्षांचा तरुण मेला, तेव्हापासून वस्तीतले आईबाप आणि मुले शाळा मंडळाच्या सभांना जाऊन चिकाटीने तीच मागणी मांडत आली होती. डेन्व्हरनेही जून २०२० मध्येच पोलीस काढण्याचा ठराव केला. पण २२ मार्च २०२३ रोजी डेन्व्हरच्या ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याची रोजची झडती घेताना त्याने दोन शाळा-प्रशासकांवर गोळ्या झाडल्या. रोज अंग तपासावे लागेल इतका धोका ज्या मुलाकडून आहे, त्याची तपासणी शाळेतली साधी माणसे करत होती. दोघे वाचले. दुसऱ्याच दिवशी मंडळाने पोलीस परत बोलावले आणि जूनमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ते कायम केले. ओकलंडने नऊ वर्षे विचार करून पोलीस काढले, डेन्व्हरने घाईत काढले आणि घाईतच परत आणले.

अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा जे दिसले ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. लूसी सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या देशव्यापी अभ्यासात आढळले की शाळेत पोलीस असला की हाणामारीसारखी काही हिंसा कमी होते. बंदुकीच्या घटना टळताना मात्र दिसत नाहीत. आणि निलंबन, हकालपट्टी, पोलिसांकडे सोपवणे, अटक हे सगळे वाढते, काळ्या मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त. नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने आणखी एक गोष्ट मांडली. अमेरिकेत १ कोटी ४० लाख मुले अशा शाळांत जात होती, जिथे पोलीस होता पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक यांपैकी कोणी ना कोणी नव्हते. फ्लिंटच्या कल्पनेतली बाकीची माणसे गळाली आणि एकटा पोलीस उरला, असे मी यावरून म्हणेन.

आपल्याकडे पुण्यासारख्या शहरांत 'पोलीस काका' शाळेत येतात, दामिनी पथके फिरतात. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळेच्या दारात पोलीस हवा असे म्हणणारे आईबाप पुष्कळ भेटतात. त्यांची भीती खरी आहे. अशा वेळी आपल्याच कायद्यात काय लिहिले आहे ते त्यांनी मुख्याध्यापकांना आणि ठाण्याला वाचून दाखवावे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी वेगळा बालकल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे. त्याखालच्या नियमांनुसार मुलाशी संबंध येतो तेव्हा त्याने साध्या कपड्यांत असावे, मुलाला बेडी घालू नये, कोठडीत ठेवू नये. आणि न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांत ज्यांची मुले जातात, त्या मराठी पालकांनी शाळा आणि पोलीस यांच्यातल्या कराराची प्रत मागून घ्यावी. अनेक जिल्ह्यांत असा करार असतो आणि तो मागण्याचा हक्क पालकाला आहे. पोलिसाने कोणत्या कारणासाठी मुलाला हात लावायचा आणि पालकांना कधी कळवायचे, हे त्यात लिहिलेले नसेल, तर पुढच्या मंडळ सभेला उभे राहून ते लिहून घ्यावे.